दोनशे पावलं आधीची हवा

मी सायकलीत हवा भरायचा एक जुना पंप आहे. लोखंडी पाया, लाकडी मूठ आणि पोटात चामड्याचा वॉशर, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझी मूठ गुळगुळीत दिसते ना? ती एकाच माणसाच्या तळहाताने झाली आहे. त्याचं नाव बुद्धभूषण.

२००६ साली त्याने मला लखनौच्या बाजारातून मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आणलं. कुटुंब मूळ वर्ध्याचं, नोकरीपायी इथे आलेलं. घरी आई आणि धाकटी बहीण प्राची. बुद्धभूषणला डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींचं वेड. आता लखनौत डोंगर कुठून आणायचा? हा गडी रोज पहाटे उड्डाणपूलच वीस-वीसदा चढायचा. शेजारी हसायचे, "भैया, पुल के उस पार क्या रखा है?"

२००९ साली तो हिमाचलातल्या सहा दिवसांच्या शर्यतीला गेला. मला घरीच ठेवलं, जड होतो म्हणे. चौथ्या दिवशी त्याचं चाक पंक्चर झालं आणि खिशातला छोटा पंप मोडला. अकरा किलोमीटर सायकल ढकलताना तो घसरला, गुडघा कायमचा गेला, आणि वेळेत न पोहोचल्यामुळे बादही झाला. परत आल्यावर मला पुसत म्हणाला, "तू सोबत हवा होतास." खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून फार बरं वाटलं.

मग त्याने प्राचीला तयार केलं. चार वर्षं रोज सकाळी तो माझ्यावर पाय ठेवायचा आणि आधी विचारायचा, "भरू?" तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीत. "हाँ दादा, भरो." तिने हो म्हटल्याशिवाय त्याने कधी मूठ दाबली नाही.

२०१३ साली प्राची त्याच शर्यतीत उतरली. पुढच्या महिन्यात तिला बंगळूरला नोकरीवर रुजू व्हायचं होतं, म्हणजे संधी ही एकच. नंबर नको होता तिला. "पूरा करने वालों की लिस्ट में नाम आ जाए, बस," एवढंच ती म्हणायची. बुद्धभूषण तिचा सोबती म्हणून गेला, आणि या खेपेला मीही गेलो. नियम सोपा होता. सोबत्याने मदत करायची ती वाटेतल्या थांब्यांच्या तंबूतच. तंबूबाहेर स्पर्धकाच्या सायकलीला हात लावला, तर स्पर्धक बाद. पाच दिवस त्याने हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला.

सहाव्या दिवशी आम्ही शेवटच्या तंबूत होतो. पुढे नऊ किलोमीटर नुसता उतार. तंबूच्या दोनशे पावलं आधी, वळणाशी प्राची दिसली. ती थांबलेली, मागचं चाक बसलेलं. ट्यूब तिने बदलली होती, फक्त हवा भरायची राहिली होती, आणि ती पाठीवरच्या पिशवीत काहीतरी शोधत होती. वेळ भरपूर होता. पण त्याला आपले अकरा किलोमीटर आठवले असावेत. मला काखेत मारून तो लंगडत धावला. न विचारता त्याने नळी लावली.

"दादा, रुको," प्राची म्हणाली. माझ्या फुस्स-फुस्स आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं होतं. पण मी पंप, मी काय थांबणार? त्या दिवसाइतकी चांगली हवा मी आयुष्यात कधी भरली नाही.

पंच तिथेच उभा होता. त्याने वहीत तिचं नाव खोडलं. उरलेले नऊ किलोमीटर ती तरीही गेली, पण यादीत नाव आलं नाही. संध्याकाळी तिने पिशवीतला छोटा पंप दादाच्या हातावर ठेवला. "था मेरे पास. दो मिनट लगते." ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

ती बंगळूरला गेली आणि मी व्हरांड्यातल्या खिळ्याला लटकलो. कॉलनीतली मुलं यायची, "अंकल, हवा भर दीजिए." तो म्हणायचा, "पंप खराब है, बेटा." मी धडधाकट होतो! पहिली दोन वर्षं मला राग यायचा. मग वॉशर वाळला, तडकला, आणि रागही उरला नाही.

२०१८च्या एप्रिलमध्ये जयंतीला प्राची घरी आली. तिने आपली जुनी सायकल पुसून अंगणात काढली आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "दादा, हवा भरून दे ना."

तो व्हरांड्यात गेला. मग मला खाली उतरवलं, माझ्यावर पाय ठेवला आणि विचारलं, "भरू?"

"भर."

त्याने मूठ दाबली. पुन्हा दाबली. घाम फुटेपर्यंत दाबत राहिला. चाक बसलेलंच.

"पंप खराब आहे गं," तो म्हणाला. या वेळी ते खरं होतं. त्याला रडू आलं, आणि तिलाही.

मित्रांनो, कुणाच्या मदतीला धावाल तेव्हा आधी "भरू?" एवढं विचारा. आणि खिळ्याला टांगलेल्या माझ्यासारख्याला अधूनमधून तेलाचे दोन थेंब घाला. एखाद्या दिवशी कुणीतरी "भर" म्हणतं.