पडद्यावरच्या देवीचा कौल

थळच्या कोळीवाड्यात त्या दुपारी नाटकापेक्षा पडद्यालाच गर्दी! लोकल बोर्डाच्या निवडणुकीसाठी रावसाहेबांनी फुकट खेळ आणला होता. पुढच्या रांगेत ते स्वतः बसले होते आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले शिवदास वकीलही. पडद्यावर अनंता पेंटरनं पिवळ्या शालूतली देवी रंगवली होती आणि पडद्याशेजारी तांब्या घेऊन एक बुवा उभा होता.

"माते! लाल पेटी रावसाहेबांची, पिवळी शिवदास वकिलांची. मतं कुठं टाकायची? बोल माते, भोळ्या लेकरांसाठी बोल!"

बुवानं तीर्थ शिंपडलं आणि काय सांगावं, शालू बघता बघता लालभडक! लोक धडाधड पाया पडले. गोदूबाईचा नवरा कान्हा डोळे पुसत म्हणाला, "ठरलं गो. आपलं मत लाल पेटीला."

गोदूबाई मात्र पाया पडली नाही. निवडून आलो की किनाऱ्यावर बोर्डाच्या खर्चानं नाट्यगृह बांधीन, असं रावसाहेबांचं वचन होतं. किनारा म्हणजे तिची बोंबील सुकवायची जागा, तिच्या घरची चूल! नाट्यगृहाचे पडदे अर्थात अनंताच रंगवणार. कलेचा केवढा हा कळवळा!

पण तो लाल रंग तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. कान्हाच्या सदऱ्यावर कालवण सांडलं आणि डागाला साबण लावला की अस्साच उठायचा. शहाण्या पेंटरनं हळदीचं सोंग रचलं, तेही कोळणींसमोर!

ती तरातरा पुढं गेली. तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"अगं, विटाळ!" बुवा ओरडला.

"कसला विटाळ? चुन्याची निवळी हाय ही!" म्हणत तिनं बुवाच्या पूजेच्या ताटातलं लिंबू उचलून शालूवर पिळलं. शालू पुन्हा पिवळा.

"माता फिरली! पिवळी पेटी!" वकिलांची माणसं ओरडली. लोक पुन्हा पाया पडले. गोदूबाईनं कपाळावर हात मारला.

"अरे मेल्यांनो, ही हळद हाय! चुना लागला की लाल, आंबट लागलं की पिवळी. हळदीला मत न्हाय, मत तुमाला हाय! देवीला कशाला राबवता? डोकं वापरा आन् त्या दोघांना इचारा, आमी बोंबील सुकवायचे कुठं?"

कान्हा शरमला, मग उठला. "व्हय, सांगा रावसाहेब. वकील, तुमीपन सांगा."

दोघंही पडद्याकडं बघू लागले.

"तिकडं न्हाय," कान्हा म्हणाला, "आमच्याकडं बघून बोला."