हिरवळीवरचा थर्मामीटर

बसमधून उतरून शेताकडे चालताना बारकीला वाटत होतं, दादाने आज आपल्याला चांगलं फैलावर घ्यावं, म्हणजे मोकळं तरी वाटेल. पण दादाला कधी मनासारखं भांडताच आलं नाही. गप्प बसून समोरच्याचा जीव घ्यायचा, ही त्याची जुनी पद्धत.

शेतकी कार्यालयात तिला सगळे अळीबाई म्हणायचे. टोमॅटो पोखरणारी अळी कधी येणार ते आधी सांगायचं, हे तिचं काम. त्यात जादूटोणा काही नाही. अळीच्या अंगात स्वतःची ऊब नसते, हवा देईल तेवढ्यावर तिचं भागतं. मंद आचेवर दूध सावकाश तापतं आणि आच मोठी केली की बघता बघता उतू जातं, तसंच हे. अंडी घालणारे पतंग दिसू लागले की रोजची ऊब मांडत जायची आणि बेरीज भरली की अंडी फुटायची. नुकती निघालेली अळी एक-दोन दिवस पानावर हिंडते, मग फळात शिरते. औषध लागू पडलं तर तेवढ्यात, नंतर सगळं पाण्यात.

दादा मात्र वर्षानुवर्षं दर आठवड्याला फवारत आला होता. त्या वाफेने छातीचं खोकं झालं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, "पंप ठेवा नाहीतर छाती ठेवा." दादा डॉक्टरांचं ऐकतोय कशाला! पण बारकीने हट्टच धरला, तेव्हा म्हणाला, "तू दिवस सांग, मी एकदाच फवारतो."

वहिनी हसून म्हणाली होती, "वन्सं, एवढ्या वर्षांत माझं एक ऐकलं नाही हो यांनी! तुमचं कसं ऐकलं?"

बारकीने दिवस सांगितला. दादाने बरोबर त्याच दिवशी फवारलं. तोवर अळ्या फळात शिरून निवांत जेवत होत्या.

चूक कुठे झाली ते शोधायला तिला फार डोकं खाजवावं लागलं नाही. गाड्या लावायला जागा हवी म्हणून कार्यालयाने थर्मामीटरची पेटी उचलून मागच्या हिरवळीवर नेली होती. तिथे सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. त्या गारव्यात पारा वर चढणार कसा? तिने साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "दोन-तीन अंशांनी काय आभाळ कोसळतंय?" तिलाही त्या दिवशी वाद घालायचा कंटाळा आला होता. ती बरं म्हणून जागेवर जाऊन बसली. दोन-तीन अंशांची तूट रोज साठत गेली, कागदावरची बेरीज उशिरा भरली, आणि दादाचं शेत तर काळ्या दगडांच्या उतारावर, नुसती भट्टी.

ती पोचली तेव्हा दादा तोंडाला फडकं बांधून, पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालत होता. चार पावलं टाकायचा, थांबून खोकायचा, पुन्हा चालायचा. बांधावर भोकं पडलेल्या टोमॅटोंचा ढीग होता.

"दादा, आता काय उपयोग त्याचा? आत गेलेल्या अळीला औषध पोचत नाही."

"ठाऊक आहे."

"मग?"

"रिकाम्या हाताने बघत बसवत नाही गं."

तिला रडू आलं. तिने ते आवरलं नाही. थर्मामीटर, हिरवळ, साहेब, आपला कंटाळा, सगळं एका दमात सांगून टाकलं. दादा ऐकत होता की श्वास गोळा करत होता, कळत नव्हतं. शेवटी त्याने पंप उतरवून खाली ठेवला. तिचं पटलं म्हणून नव्हे, दम संपला म्हणून. तिला ते कळलं.

"औषधवाला म्हणतो, पुन्हा दर आठवड्याला सुरू करा," दादा म्हणाला.

"आणि तुझी छाती?"

 दादाने एक टोमॅटो उचलून भोक निरखलं आणि परत ढिगावर टाकला.

"यांची पुढची खेप कधी?"

बारकीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. कार्यालयाचा तक्ता तिला पाठ होता. पण ते हिरवळीवरचं उत्तर होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "इथे थर्मामीटर लावावा लागेल. पानं उलटून अंडी बघावी लागतील. रोज."

"रोज कोण बघणार? मला वाकलं की धाप लागते."

रोज म्हणजे कार्यालय सुटल्यावर दोन बस, परत दोन बस, आणि घरी गेल्यावर स्वयंपाक. नुसत्या विचारानेच तिचे पाय भरून आले.

"मी येईन."

 दादाने पंपाचं झाकण उघडलं आणि उरलेलं औषध बांधापलीकडच्या खड्ड्यात ओतून टाकलं.

"उद्यापासून ये," तो म्हणाला, आणि खोकत खोकत खाली बसला.