दोर हलेपर्यंत

आमच्या ह्यांच्या दुकानात केस कापायला बसलेल्या माणसाला पळून जाता येत नाही. गळ्याभोवती कापड बांधलेलं, डोकं ह्यांच्या हातात आणि कानाशी कात्री. अशा वेळी हे हळूच विषय काढतात, "काय, हल्ली काय बघता?" गिऱ्हाईक बिचारं काहीतरी सांगतं. कुणी मालिका सांगतं, कुणी सामने. मग हे म्हणतात, "ते राहू द्या. मी एक माहितीपट सांगतो, तो बघा."

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान शेजारच्याच गाळ्यात. मधे नुसती फळ्यांची भिंत. माझं मशीन थांबलं की पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर हे बोलायला लागले की माझं मशीन थांबतंच.

माहितीपट विहिरी साफ करणाऱ्या माणसांवरचा आहे. चार माणसं गावोगाव फिरतात, विहिरीत उतरतात, गाळ काढतात, वर येतात, पुढच्या गावाला जातात. झालं. मारामारी नाही, गाणं नाही, मागून कुणी समजावून सांगणाराही नाही. बँकेतला कारकून पुढच्या वेळी आला तेव्हा म्हणाला, "बघितला हो तुमचा माहितीपट. झोप फार छान लागली." हे मोकळेपणाने हसले. मग त्यांचा ठरलेला प्रश्न आला.

"शेवटपर्यंत बघितलात का? शेवटी काही ऐकलंत?"

"शेवटी काय ऐकायचं? नुसता दोर तर दिसतो."

"बरं," हे म्हणाले आणि त्यांनी ब्रशने त्याच्या मानेवरचे केस झटकले.

हे काही एकतर्फी नव्हतं हं. तुम्ही माझा बघा, मी तुमचा बघतो, असा व्यवहार होता. त्यामुळे गिऱ्हाइकांनी सुचवलेले सगळे माहितीपट संध्याकाळी आमच्या घरी लागायचे. मुंग्यांचा, ज्वालामुखीचा, समुद्राच्या तळाचा. पेंग्विनचं पिल्लू हरवलं तेव्हा मी पदराने डोळे पुसले आणि हे मला आठवडाभर चिडवत होते. कुणाला कुठला सुचवायचा हेही त्यांना बरोबर उमगायचं. निवृत्त मास्तरांना मुंग्यांचा, नव्या नवऱ्याला पेंग्विनचा, आणि घराचं बांधकाम काढलेल्या माणसाला भूकंपाचा. त्यावर तो माणूस महिनाभर फिरकला नाही. माणसाचं डोकं हातात आलं की आत काय चाललंय ते कळतं, असं ह्यांचं म्हणणं. माझ्या डोक्यातलं कधी काही कळल्याचं मला तरी दिसलं नाही.

पण विहिरीवाला माहितीपट मात्र घरी कधी लागला नाही. अख्ख्या गावाला सुचवला, मला नाही. कारण मीच तसं बजावलं होतं.

त्या माहितीपटाचा कॅमेरा आमच्या लेकीने केलाय. शेवटी पांढऱ्या अक्षरांत नाव येतं म्हणे तिचं. हे गिऱ्हाइकांना ते सांगत नसत. सांगितलं तर लोक दयेपोटी छान म्हणतील, आणि दया त्यांना नको होती.

लेक तीन वर्षांपूर्वी गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि परत आणली नाही. माहितीपट तेव्हा अर्धाच होता. पुढे पूर्ण झाल्यावर दिग्दर्शिका घरी येऊन देऊन गेली. टेबलावर ते नखाएवढं मेमरी कार्ड ठेवून कितीतरी वेळ रडत बसली. ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मी हे बघणार नाही. आणि ह्यातलं एक अक्षर मला सांगायचं नाही."

सगळ्यांना वाटलं, आईचं काळीज, तिला सोसणार नाही. तसं नव्हतं. तिचे फोटो मी इतके बघितले होते की डोळे मिटून कोपरेसुद्धा सांगितले असते. तिचे मोबाइलवरचे निरोप पाठ झाले होते, "आई, पोचले" पासून "आई, उगाच फोन करत बसू नकोस" पर्यंत. नवीन काही राहिलंच नव्हतं. फक्त हे एक राहिलं होतं. तिच्याकडून माझ्याकडे यायचं बाकी असलेलं एकच काहीतरी. ते बघितलं की संपलं. म्हणून मी ते शिलकीत ठेवलं होतं. कुणाला ते वेडेपणाचं वाटलं तर वाटू दे.

घरात तिला आम्ही फुगी म्हणायचो. तान्ही असताना रडता रडता श्वास धरून ठेवायची. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळे. माझ्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, तोंडावर फुंकर घाला. मी फुंकर घालायचे आणि मग तो श्वास सुटायचा. आधी एक छोटा, अडखळलेला, आणि त्याच्यामागून लांब. तो ऐकला की आमच्या दोघांच्या जिवात जीव यायचा. मोठी झाल्यावर रडणं गेलं, पण सवय राहिली. सुईत दोरा ओवताना श्वास धरायची, निकाल बघताना धरायची, आणि सोडायची तो तसाच, अडखळून. कॅमेऱ्याचं काम शिकून आली तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगत होती, "आई, कॅमेरा हातात असला की श्वास रोखावा लागतो, नाहीतर चित्र हलतं." मी म्हटलं, "मग तुझी फी फुकट गेली. हे तर तू पाळण्यात शिकलीस."

गेल्या वर्षापासून ह्यांचे कान गेले. आधी मला वाटलं, नवऱ्यांना बायकोचं ऐकू येत नाही तसलंच काहीतरी. मग एकदा केस कापायचं मशीन चालू ठेवूनच खाली ठेवलं आणि ते फळीवर थरथरत जाऊन जमिनीवर पडलं, तरी ह्यांना पत्ता नाही. डॉक्टरांनी तपासलं. बारीक आवाज आधी जातात, म्हणाले, बाकीचे हळूहळू. कानात घालायची यंत्रं घेतली. त्यात आवाज मोठा येतो, पण सगळाच मोठा. कात्री म्हणजे जणू पत्रा कापतंय कुणीतरी. दुकानात हे जरा मोठ्याने बोलायला लागले एवढंच. माहितीपट सुचवणं थांबलं नाही. आता तर रस्त्यापलीकडच्या औषधवाल्यालाही शिफारस ऐकू जायची.

परवा दुकानांची सुट्टी होती. हे दुपारी पुसापुशी करायला म्हणून आपल्या गाळ्यात गेले आणि मी राहिलेल्या पँटी आखूड करायला माझ्या. थोड्या वेळाने फळ्यांपलीकडून पाण्याचा आवाज आला. कप्पीची करकर. मी ताबडतोब मशीन चालवायला घेतलं, अशा वेळी नेहमी घेते तसं. पण थांबले की पुन्हा तीच करकर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तीच करकर. एकच तुकडा हे मागे नेऊन नेऊन लावत होते, आवाज अगदी टोकाला नेऊन.

मग ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"अगं, एक काम होतं."

"बोला."

"शेवटी एक आवाज आहे. म्हणजे, होता. आता नाहीये. कुणी कापला की काय, समजत नाही."

"कसला आवाज?"

"तू सांगू नका म्हणाली होतीस."

"आता सांगा!" हे मी मोठ्याने म्हटलं. त्यांना ऐकू यावं म्हणून असेल, किंवा नसेलही.

ते फळीला टेकले. "तिचा श्वास आहे गं. माणूस खाली उतरलेला असतो आणि ती नुसता दोर दाखवत राहते. लांबच्या लांब. मग दोर हलतो, आणि ती श्वास सोडते. आपला तोच. अडखळणारा."

मला इतका राग आला की हातातली पँट मी टेबलावर आपटली. "इतके दिवस तुम्ही एकटे ऐकत होतात?"

"तूच नको म्हणालीस."

"मी नको म्हणाले म्हणून काय झालं? तुम्ही काय माझं सगळंच ऐकता?"

ह्यावर ते एरवी हसले असते. हसले नाहीत. "एवढ्या लोकांना सांगितलं," ते म्हणाले, "वाटायचं, एकाला तरी ऐकू येईल. एकजण तरी येऊन म्हणेल, शेवटी कुणीतरी श्वास सोडला हो. कुणीच म्हणालं नाही. मला येत होतं तोवर ठीक होतं. आता मलाही येत नाही. मग तो आहे की नाही, कुणाला विचारू?"

"कुणी कापलेला नाही," मी म्हटलं. "तुमचे कान गेलेत."

"ते मला कळतंय. तरी तू ऐकून सांग. नुसतं हो की नाही, एवढंच."

मी माझ्या हातांकडे बघत बसले. बोटांना दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. मला नाही म्हणायचं होतं. एवढं एकच माझ्याकडे होतं, आणि ते हे मागत होते, आणि मागणारा माणूस तिचा बाप होता. मी उठले.

त्यांनी मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. मोबाइल आरशाला टेकवला, कंगव्यांच्या मधे. ते शेवट लावायला गेले तेव्हा मी त्यांचा हात धरला. "सुरुवातीपासून लावा. बघायचाच तर सगळा बघेन."

तर मी तो माहितीपट बघितला. कारकून म्हणाला ते खोटं नाही, त्यात काही घडत नाही. पण एक माणूस विहिरीच्या काठावर बसून विडी पेटवतो आणि कॅमेरा त्याचं तोंड सोडून त्याच्या सदऱ्याच्या कोपराकडे जातो. तिथे ठिगळ आहे. बारीक, एकसारखे टाके. कॅमेरा त्या ठिगळावर थांबतो, बघून घेतो, आणि मग पुढे जातो. दुसऱ्या कुणी ते बघितलं नसतं. ती माझ्या मशीनखाली खेळत मोठी झाली होती. मला रडू फुटलं आणि हे म्हणाले, "काय झालं? आला का?" मी मान हलवली. अजून नाही.

ते टाचा उंचावून माझ्या मागे उभे होते. आरशात आम्ही दोघं दिसत होतो. मी खुर्चीत, ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, गिऱ्हाइकामागे उभे असतात तसे.

मग दोर आला. वरचा माणूस दोर धरून बसलेला, त्याचे फक्त हात दिसतात. दोर सरळ खाली काळोखात गेलेला. पाण्याचा आवाज थांबतो. कप्पी थांबते. दोर हलत नाही. चित्र इतकं स्थिर की वाटावं मोबाइल अडकला. पण मला माहीत होतं, ते चित्र कुणीतरी धरून ठेवलं होतं. दोन हातांत, छातीशी, श्वास रोखून. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझे कान तापले. दोराकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरलाय, आणि मनात म्हणतेय, सोड गं बाई, सोड आता, निळी पडशील. मी ओठांचा चंबू केला होता. फुंकर घालायला.

दोर हलला.

आणि तिने श्वास सोडला. आधी छोटा, अडखळलेला. त्याच्यामागून लांब. इतका जवळून की माझ्या कानामागे उभी असावी.

हे आरशात माझ्या तोंडाकडे बघत होते. "आला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आहे? तसाच आहे?"

कसं सांगायचं होतं? मी त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवरून ओढून घेतला, तळवा माझ्या तोंडासमोर धरला आणि श्वास सोडला. आधी छोटा, अडखळून. मग लांब. त्यांनी डोळे मिटले. बोटं हळूहळू मिटत गेली, जसं काही हातात ठेवलंय.

मोबाइलवर पांढरी अक्षरं सरकत गेली. त्यात तिचं नाव आलं आणि गेलं. संपलं. आता तिच्याकडून नवीन काही येणार नव्हतं, कधीच नाही. मला वाटलं होतं ते क्षणभर अगदी असह्य होईल, आणि झालंही.

"पुन्हा लावू?" ह्यांनी विचारलं. दुकान बंद असूनही त्यांचा आवाज बाहेर रस्त्यावर गेला असेल.

"लावा," मी म्हटलं.

पुन्हा कप्पी थांबली. पुन्हा दोर सरळ खाली गेला. ह्या वेळी श्वास कधी येणार ते मला माहीत होतं. मी आधीपासूनच त्यांचा हात तोंडापाशी धरून ठेवला.