गोंदिया ते जैसलमेर, दोन तासांच्या आत

विज्ञानाने माणसामाणसांतलं अंतर संपवलं आहे, यावर पंडित मेश्रामांचा पूर्ण विश्वास होता. जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या भाड्याच्या घरातून ऑफिसात पोचायला त्यांना पाऊण तास लागे. पण तो दोष विज्ञानाचा नव्हता, वाटेतल्या रेल्वे फाटकाचा होता. मेश्राम स्वतः रेल्वेच्या वेळापत्रक विभागात होते, त्यामुळे या विषयावर ते फार बोलत नसत.

लवकरच रिटायर होऊन ते आणि त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई आपल्या गावी, गोंदियाला जाणार होते. घर बांधून तयार होतं. नेमकं तेव्हाच त्यांच्या मुलीने, सुवर्णाने, प्रबुद्धशी लग्न करायचं ठरवलं. मुलगा शांत, शिकलेला, पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरीला. पवनचक्क्या मात्र जैसलमेरला.

सुलोचनाबाईंनी मुलात खोट काढली नाही, नकाशात काढली. "आम्ही गोंदियाला अन् तू वाळवंटात. उद्या काही झालं तं मी कोन्त्या रस्त्यानं येऊ?"

सुवर्णाने फोन पुढे केला. कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारी एक साइट होती. गोंदिया ते जैसलमेर: अकराशेच्या आसपास किलोमीटर, उड्डाणाचा वेळ दोन तासांच्या आत. शेजारी छोटं विमानही काढलेलं होतं. सुलोचनाबाईंनी आधी विमानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मेश्रामांनी मान डोलावली. नोकरीत त्यांनी उशिरा आलेल्या गाड्या पाहिल्या होत्या, रद्द झालेल्याही पाहिल्या होत्या. पण प्रवासाचा वेळ छापलेला आणि गाडीच नाही, असला प्रकार त्यांच्या खात्यात कधी झाला नव्हता. साखरपुडा ठरला.

मग ते तिकीट बघायला बसले. विमान सुटण्याची वेळ काही सापडेना. शेवटी होणाऱ्या जावयालाच फोन लावला. प्रबुद्धने अतिशय आदराने सांगितलं, की असं विमान नाहीच. साइट नुसती नकाशावर सरळ रेघ ओढते आणि तिला विमानाच्या वेगाने भागते.

मेश्रामांनी फोन ठेवला आणि मुलीकडे वळले.

"मग वेळ कशाचा छापला?"

"मतलब, विमान असतं तर तेवढा वेळ लागला असता, बाबा," सुवर्णा म्हणाली. हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, ते आईला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. लग्न मोडायचं तर मोडा, सुवर्णा म्हणाली, पण प्रबुद्धला दोष देऊ नका.

सुलोचनाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. थोडा वेळ भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा जास्त झाला. बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, जैसलमेरला गाडी कुठून जाते.

"इथूनच. रात्री बसलं की दुसऱ्या दिवशी जैसलमेर."

"मंग आपण गोंदियाला चाललो काहून?"

मेश्राम रिटायर झाल्यावरही दोघं जयपूरलाच राहिले. गोंदियाचं घर भाड्याने दिलं. पोरीसाठी घरदार सोडलं म्हणून भावकीने टोमणे मारले. सुलोचनाबाईंनी ते फोनवर सगळे ऐकून घेतले. लग्न जयपूरलाच झालं, सुवर्णा जैसलमेरला गेली. खातीपुऱ्याच्या घरात पलंगाखाली सुलोचनाबाईंची बॅग भरून ठेवलेली असते, रात्री-अपरात्री निघावं लागलं तर असावी म्हणून.

लग्नाला दीड वर्ष झालं. तिकडे काही झालं नाही, त्यामुळे सुलोचनाबाई अजून एकदाही जैसलमेरला गेलेल्या नाहीत.