हिरव्या घागऱ्याची बाई आणि माझा बसलेला घसा

मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा, एका बाजूला चेपलेला, गळ्याशी गंज चढलेला. पण मित्रांनो, नाक मुरडू नका! डोंगरातल्या आमच्या अख्ख्या आंदावायलास गावात भुताचा आवाज काढलेला भोंगा मी एकटाच आहे.

माझा जन्म हुलिआका शहरातल्या एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तिथून साबिनो मामांनी मला आणले आणि आपल्या तीनचाकी रिक्षाच्या टपावर बसवले. सकाळी गरम तामाल्यांची, म्हणजे पानात उकडलेल्या मक्याच्या वड्यांची हाळी, दुपारी जत्रेची दवंडी. माझा आवाज असा खणखणीत की नदीपलीकडची कुत्री दचकून उठत. लोक म्हणत, "साबिनो, हा भोंगा आहे की चर्चची घंटा?" हे ऐकून मी फुगून जायचो.

आमच्या गावात हिरव्या घागऱ्याच्या बाईची गोष्ट पोरासोरांनाही पाठ आहे. ती पुलापाशी उभी राहते, रिक्षाला हात करते आणि विचारते, "जागा आहे का?" जो "आहे" म्हणाला, त्याची वाचा कायमची गेली. म्हणून आमचे रिक्षावाले तिथे तोंड उघडतच नाहीत. कोणी जागा विचारली की तीनदा हॉर्न वाजवायचा आणि सुटायचे. साबिनो मामा तर सख्ख्या बहिणीलाही तिथे हॉर्ननेच उत्तर द्यायचे आणि घरी आल्यावर तिच्या शिव्या खायचे.

मामांची भाची नेलिदा शाळेत शिक्षिका होती. तिने या बाईवर सिनेमा काढायचे ठरवले. दोन वर्षे ती सुट्टीचा दिवस विसरली होती. सिनेमा झाला आणि तिने तो आधी आपल्या गल्लीला दाखवला. बाईचा आवाज बाजारातल्या फ्लोराने दिला होता. पडद्यावर ती भयाण बाई वळली, म्हणाली, "जागा आहे का?" आणि गल्ली खो खो हसत सुटली!

"अगं बाई, ही तर आपली फ्लोरा! आता बटाट्याचा भाव सांगेल बघ!"

नेलिदाचा चेहरा एवढासा झाला. रविवारी गावच्या क्रीडागृहात पहिला खेळ होता. तिथले रखवालदार यूलोहिओ काका यांनी तिला ठणकावून सांगितले, "बाई, भुताला लोक हसले तर पुन्हा इथे सिनेमा नाही. मी कोंबड्यांच्या झुंजी लावीन. कोंबडे निदान मनापासून भांडतात!"

रविवारी दुपारी चारचा खेळ होता. दोनला सगळे जमले. आमच्याकडे नवीन काही आले की त्याला मानलेले आईबाप लागतातच. घर असो, फुटबॉलचे सदरे असोत, नाहीतर सिनेमा. सिनेमाची मानलेली आई होती चिचा, म्हणजे मक्याची दारू, विकणारी ओब्दुलिया मावशी. तिने चिचाने भरलेले, फिती बांधलेले मडके आणले. ते नव्या वस्तूवर फोडायचे आणि आशीर्वाद द्यायचा.

"कशावर फोडू?" तिने हातोडी उगारली.

"काँप्युटरवर नको!" नेलिदा किंचाळली.

"मग माझ्या भोंग्यावर फोड," मामा ऐटीत म्हणाले. "पत्र्याला काय धाड भरते?"

फाडकन मडके फुटले! चिचा थेट माझ्या घशात. मित्रांनो, मी गटांगळ्या खात होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मग मामांनी मला पडद्याखाली, लोकांकडे तोंड करून ठेवले आणि माइकमध्ये बोलून पाहिले. माझ्या तोंडून निघाले ते घरघरते, बुडबुडते, ओले काहीतरी. गावात दुसरा भोंगा नव्हता. चार वाजायला एकच तास उरला होता.

"मामा, बुडवलंत मला!" नेलिदा रडायलाच लागली.

"पोरी, मी काय..." मामा माइकमध्येच बोलत होते. तो आवाज ऐकून ओब्दुलिया मावशीने छातीवर क्रॉस काढला. "अरे मेल्या, बंद कर ते! माझ्या अंगावर काटा आला!"

नेलिदाने डोळे पुसले. माझ्याकडे पाहिले. मग ती हळूच म्हणाली, "फ्लोराचा आवाज काढून टाकते. बाईचं वाक्य मीच बोलणार, ह्याच्यातून."

चार वाजले. खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या, काळोख झाला. मागच्या तीन रांगांत गावचे सगळे रिक्षावाले. पडद्यावर बाई वळली. नेलिदाने माइक ओठांशी धरला आणि मी, मित्रांनो, मी माझ्या भिजलेल्या घशातून सगळा जीव एकवटून विचारले, "जागा... आहे... का?"

कोणी हसले नाही. आणि मग मागच्या तीन रांगा एकदम उठल्या! रिक्षावाले बाके ओलांडत, एकमेकांना ढकलत दाराबाहेर धावले आणि चाळीस रिक्षांचे हॉर्न एकदम वाजले, तीनदा! सगळ्यांत आधी आमचे मामा. यूलोहिओ काका बाकाखालून ओरडत होते, "आत या रे, सिनेमा आहे तो!" पण स्वतः बाकाखालून बाहेर कसे निघावे, हे त्यांनाही सुचत नव्हते. नेलिदा माइक छातीशी धरून हसत होती आणि रडत होती. मी तर आनंदाने थरथरत होतो!

पुढे आम्ही गावोगाव फिरलो. माझा घसा कोणी दुरुस्त केला नाही, नेलिदाने करू दिला नाही. मग काळे, चौकोनी, नवे स्पीकर आले. माझा आवाज त्यांत भरून घेतला आणि मला गोदामात ठेवले. एक कोंबडी माझ्या तोंडात अंडी घालते. भंगारवाला दोनदा येऊन मला टिचक्या मारून गेला.

काल मात्र नेलिदाने माझ्यावरची धूळ पुसली आणि मामांना म्हणाली, "मामा, ह्याचं तोंड कायम लोकांकडे होतं. ह्याने सिनेमा कधी पाहिलाच नाही की हो!"

खरेच, मित्रांनो! मी हजारो भ्यालेले चेहरे पाहिले, पण ती बाई कशी दिसते ते मला अजून ठाऊक नाही. उद्याच्या खेळाला मला पहिल्या रांगेत, मावशीशेजारी खुर्ची मिळणार आहे! तुमच्या घरातही कोपऱ्यात कोणी थकून बसले असेल. ती वस्तू असेल, माणूसही असेल. त्याने काय केले, ते एकदा त्याला समोर बसवून दाखवा. आणि उद्या मी माझ्याच आवाजाला घाबरलो, तर कृपा करून हसू नका.