मन्हं डोकं

माझ्या नवऱ्याला तुम्ही नक्की पाहिलंय, पण नाव विचारलं तर सांगता येणार नाही. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन, मास्क खाली ओढून "सॉरी" म्हणणारा डॉक्टर आठवतो? तो शेखर. असे डॉक्टर त्याने सिनेमांत अकरा केले. न्यायाधीश चार. शिवाय फौजदार, हेडमास्तर, नायिकेचे मामा. एका मालिकेत तो मेला आणि दीड महिन्याने स्वतःचाच जुळा भाऊ होऊन परत आला. नाटकाचे प्रयोग तर दोन हजारांच्या पुढे गेलेत. गंगापूर रोडला भाजी घेताना बायका थांबून विचारतात, "तुम्ही आमच्या बँकेत होता का हो?" तो हसून हो म्हणतो. संताप मला येतो, त्याला नाही.

एकसष्टाव्या वर्षी त्याच्याकडे पहिल्यांदा मुख्य भूमिका चालून आली. दिग्दर्शिका स्नेहल, जेमतेम तिशीची, घरी येऊन चहा घेता घेता म्हणाली, "सर, बागलाणातला शेतकरी आहे. सगळा सिनेमा अहिराणीत. तुम्ही मूळचे नामपूरचे, म्हणून मी दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही." शेखरने कागद घेतले, चष्मा लावला आणि वाचायला लागला. दोन मिनिटांत त्या पोरीचा चेहरा उतरला. शब्द अहिराणी होते, पण बोलत होता तो ऑपरेशन थिएटरचा डॉक्टरच. ती सभ्य होती बिचारी. म्हणाली, "बुधवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर परत वाचू. तेव्हाही नाही जमलं तर…" पुढचं तिने चहाबरोबर गिळलं.

ती गेल्यावर एरवी मीच आधी तोंड उघडलं असतं. पण मला बोलायला तोंडच नव्हतं, कारण हे सगळं माझं कर्तृत्व. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या एकांकिकेत तो आला, तेव्हा विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला मी बसायचे. त्याच्या तोंडी 'आहे' यायचंच नाही, 'शे' यायचं. "महाराज दरबारात शे" म्हणाला आणि अख्खं सभागृह हसलं. मग मी त्याला रोज संध्याकाळी बसवून एकेक शब्द घासून घेतला. मराठीची शिक्षिका व्हायचं होतं ना, हौस दांडगी. तेव्हापासून तो मला 'बाई' म्हणतो. लग्नानंतरही मी सोडलं नाही. सासूबाई गावाहून चार दिवस आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांच्याशी बोलताना याच्या तोंडून 'शे' निसटला, की मी स्वयंपाकघरातून 'आहे' म्हणून ओरडायचे. पुढे पुढे निसटेनासाच झाला. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज हे सांगताना लाज वाटते.

सोमवारी सकाळीच मी पिशवी भरली. म्हटलं, "चल नामपूरला. दोन दिवस भाऊंच्या घरी राहू. कानावर पडलं की जिभेवर येईल."

"आणि नाही आलं तर, बाई?"

"आधी चल तरी."

गोटीरामभाऊ म्हणजे शेखरचे थोरले भाऊ, आठ वर्षांनी मोठे. अंगणातच उभे होते. "या शेखरभाऊ, बसा. प्रवास कसा झाला आपला?" अगदी बातम्या दिल्यासारखं. आत वळून म्हणाले, "अहो, पाहुण्यांना पाणी आणा." माझ्या जाऊबाई, नवसाबाई, मागच्या अंगणात शेळीला अस्सल अहिराणीत शिव्या घालत होत्या. आमची चाहूल लागताच त्यांचा आवाज बदलला आणि "आलेच हं, पाणी घेऊन येते" असं पुस्तकी वाक्य बाहेर आलं. धाकटा पहिल्यांदा टीव्हीवर दिसला तेव्हापासून, तीसेक वर्षं, या घरात हे असंच चाललंय. आम्ही उंबरा ओलांडला की घर शुद्ध बोलायला लागतं.

शेखर म्हणाला, "भाऊ, माझ्याशी अहिराणीत बोल ना. मला शिकायचंय."

भाऊ लाजले. "नाही हो, तुमच्यासमोर बरं दिसत नाही ते. आणि तुम्हाला आम्ही काय शिकवणार? तुमच्या मालिका बघून तर आम्ही नीट बोलायला शिकलो."

शेखर हसला, पण मला ते बघवेना. माणूस आपल्या आईची भाषा सख्ख्या भावाकडे मागत होता आणि भाऊ त्याला पाहुण्यासारखा मान देत होते. त्यात भाऊंची तरी काय चूक? त्यांनी किती कष्टाने कमावलं असेल ते शुद्ध बोलणं.

मंगळवार सगळा वाया गेला. शेखर कांदा साठवायच्या चाळीत कागद घेऊन फेऱ्या मारत होता. वाक्य पाठ, हातवारे बरोबर, शब्दांवरचा जोर मात्र प्रत्येक वेळी पुण्याचा. भाऊ आसपास फिरायचे, कौतुकाने मान डोलवायचे आणि म्हणायचे, "उत्तम." एकदाही 'चुकलं' म्हणाले नाहीत.

बुधवारी सकाळी आम्ही चौघं चाळीत बसून कांदे निवडत होतो. ऑगस्टची दमट हवा, सडलेला कांदा बाजूला काढला नाही तर शेजारचेही जातात. दहा वाजून गेल्यावर शेखरने कागदांची घडी केली आणि खिशात ठेवली.

"स्नेहलला फोन करतो. दुसरा कुणी बघ म्हणतो."

"का?"

"अगं, उगाच तिचा वेळ कशाला घालवायचा? मला काही वाईट वाटत नाही, बाई. दोन हजार प्रयोग झालेत. अजून काय पाहिजे माणसाला?"

धडधडीत खोटं होतं. इतका वाईट अभिनय मी त्याचा कधी पाहिला नव्हता. भाऊ म्हणाले, "आपण म्हणता ते योग्यच आहे, शेखरभाऊ." ते 'योग्यच' ऐकलं आणि माझं टाळकं सटकलं. सासूबाई वीस वर्षं माझ्याशी अहिराणीत बोलल्या आणि मी त्यांना वीस वर्षं प्रमाण मराठीत उत्तरं दिली. ते कानांत कुठे साठून राहिलं होतं कोण जाणे. रागाच्या भरात मी जे बोलले ते असं:

"तुम्ही दोन्ही भाऊ मन्हा डोकं खाई ऱ्हायनात! मन्हा डोकं दुखी ऱ्हायना!"

नवसाबाईंच्या हातातला कांदा खाली पडला. आणि ढिगावरची नजरही न उचलता शेखर म्हणाला,

"मन्हा नही, मन्हं. मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं. डोकं नपुंसकलिंगी शे."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पस्तीस वर्षं पोरांकडून लिंग-वचन घोटून घेतलेली बाई, आणि डोक्याचं लिंग चुकवून बसले होते. जन्मात एवढा आनंद मला कुठल्याच चुकीचा झाला नसेल.

मग मी थांबलेच नाही. येईल तसं बोलत सुटले, निम्मं मुद्दाम चुकीचं आणि निम्मं खरोखरच येत नव्हतं म्हणून. "माला पाणी दे," म्हटलं तर भाऊंना राहवेना. "माला नही बाई, माले." नवसाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेखर मध्येच भाऊंना म्हणाला की आई तसं म्हणत नव्हती, वेगळं म्हणायची. भाऊ उसळले. "तुले काय समजस रे येड्या? माय मन्हा घर ऱ्हायनी." त्यांच्या घरी आई राहिली, तर जास्त कळणार कुणाला, असं त्यांचं म्हणणं. दोघं हमरीतुमरीवर आले. तीस वर्षांचं 'तुम्ही' आणि 'आपण' कधी गळून पडलं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. कांद्यामुळे सगळ्यांचेच डोळे वाहत होते, म्हणून माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

अकराला फोन वाजला तेव्हा वाद चालूच होता. शेखरने फोन उचलला आणि खिशातले कागद काढलेच नाहीत. प्रसंग भावाशी भांडणाचाच होता. तो फोनकडे न बघता भाऊंकडे बघून बोलला. एका शब्दाला भाऊंनी मान हलवली, तर थांबून, तो शब्द बदलून पुढे गेला.

"सर," स्नेहल म्हणाली, "पुढचं वाचू नका. कपड्यांचं माप पाठवा."

फोन ठेवल्यावर दोघं भाऊ नुसते बघत बसले एकमेकांकडे, हातावर माती तशीच. मी शेखरजवळ गेले. म्हटलं, "चुकलं माझं. चाळीस वर्षं चुकत आले. तुझी भाषा मी काढून घेतली रे."

नवसाबाई भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या होत्या. तो गोणपाटावर थोडा सरकला, शेजारी जागा केली आणि म्हणाला,

"आठे बस. भाकर खाई ले."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी त्याला माझ्याशी त्याच्या भाषेत कधी बोलूच दिलं नव्हतं. मी बसले.