सातव्या जनरेशनचा लॅपटॉप

डाळमिलमध्ये मिस्त्री म्हणून छत्तीस वर्षं काढलेल्या विरूपाक्षअप्पांची एकच कसोटी होती: यंत्र चाललं की ते चांगलं. त्यामुळं ‘नवी विंडोज या संगणकावर चालणार नाही’ असं नातीच्या लॅपटॉपनं तोंडावर सांगितलं, तेव्हा त्यांना तो उद्धटपणाच वाटला.

मंजुश्री मेडिकलच्या क्लाससाठी निलंग्याहून त्यांच्याकडं लातुरात राहायला आली होती. क्लासवाल्यांनी कळवलं होतं की रविवारची चाचणी घरून द्यायची, स्वतःच्या लॅपटॉपवर, आणि तीही विंडोज अकरा असेल तरच. त्या चाचणीवर पहिली बॅच ठरणार होती. दुसऱ्या बॅचला गेलेल्या पोरांविषयी लातुरात लोक दुखवट्याला बसल्यासारखे हळू बोलतात.

अप्पांनी मिलमधला उपाय केला. लॅपटॉप खोलला, पंख्यातली धूळ काढली, बाजारातून जादा रॅम आणून बसवली. वर झाकणाला विभूतीची तीन बोटं ओढली. तरी लॅपटॉप तेच म्हणत राहिला. मग ते बसस्टँडसमोर कलीमच्या दुकानात गेले.

कलीमनं दोन बटणं दाबून बघितली. “अप्पा, रॅम कशाला घातली? पहिलं इचारायचं ना. प्रोसेसर सातव्या जनरेशनचा हाय. कंपनीला आठवी पायजे.”

“चालायलाय तर की रे!”

“चालतोय. पर यादीत न्हाई.”

खुर्चीत बसलेले कलीमचे वडील पाशामियाँ हसले. “अरे, याला यादी शिकवायलास का? भूकंपात याचं घर उभं होतं. सायब तपासाला आला, त्याच घरात बसून चहा पिला, अन् यादीत घर पडलं म्हून लिहून गेला.”

“दोन कप पिला,” अप्पा म्हणाले. मग कलीमकडं वळले. “म्हंजी एका मार्कानं कटऑफ हुकला म्हण. मॅनेजमेंट कोटा न्हाई का कुठं?”

कलीम घुटमळला. “हाय. तपासणी चुकवून आत घालता येतं. पर उद्या अपडेट आलं न्हाई, बंद पडलं, तर कंपनी हात वर करंल. मी बी करीन.”

“डोनेशन?”

“पोरगी लागली तर पेढे.”

रविवारी अप्पा तीन तास पेचकस हातात धरून लॅपटॉपशेजारी बसले. मंजुश्री दोनदा म्हणाली, “अप्पा, श्वास घ्या.” लॅपटॉप एकदाही अडला नाही. मंजुश्री पहिल्या बॅचला लागली. कलीमला पेढे पोचले.

सोमवारी दोघं प्रवेशाला गेले. दारावरच पाटी होती: पहिल्या बॅचच्या सर्व परीक्षा कागदावर. लॅपटॉप आणण्यास मनाई.

“मग ती विंडोज?” अप्पांनी खिडकीतल्या सरांना विचारलं.

“ती निवडीपुरती, आजोबा. खरी परीक्षा कागदावरच असते ना.”

अप्पांनी सहीसाठी खिशातला पेन काढला. सरांनी फॉर्मवर हात ठेवला. “निळा नको. काळाच पाहिजे.”

अप्पा काही बोलणार, तोच रांगेतल्या मागच्या माणसानं काळा पेन पुढं केला.

“घ्या अप्पा. आमचं पोरगं तिसऱ्यांदा परीक्षेला बसायलंय. मला समदे नियम पाठ हायत.”